आधी चाक खाली आणायला शिका: सोलापुरात व्हीली शिकणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या गॅरेजवर महिन्यातून एखादा तरी पोरगा असा येतो. गाडी साइड स्टँडला लावतो, ऑइल बदलायचं निमित्त सांगतो, इकडंतिकडं बघतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "अण्णा, चाक कसं उचलायचं?" म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून मागच्या एका चाकावर गाडी चालवायची, ती व्हीली. मी उलट विचारतो, "उचललेलं खाली कसं आणायचं माहितीय का बे?" उत्तर ठरलेलं असतं. "रेस सोडली की येतंय की!"

हे उत्तर ऐकलं की माझी डावी हासळी ठणकते. २००९ साल, मित्राची दीडशे सीसीची गाडी, बायपासचा मोकळा रस्ता, डोक्यावर हेल्मेट नाही, पायात चप्पल. चाक उठलं. मी दचकलो, अंग मागं गेलं, अंगाबरोबर हात मागं ओढला गेला, आणि हात मागं गेला की मूठ आपोआप पिळली जाते. म्हणजे घाबरून मी रेस सोडायच्या ऐवजी आणखी दिली. पुढचं नीट आठवत नाही, तापलेल्या डांबराचा वास तेवढा आठवतो. एक मात्र पक्कं आठवतंय. त्या वेळी माझा उजवा पाय हवेत लोंबकळत होता, मागच्या ब्रेकच्या आसपासही नव्हता.

म्हणून हा लेख शेवटाकडून सुरू केलाय. चाक वर न्यायला दोन सकाळी पुरतात. खाली आणायचं काम उजव्या पायाच्या अंगवळणी पडायला दोन-तीन महिने जातात, आणि तेवढे द्यायची तयारी नसेल तर इथंच थांबलात तरी चालेल.

चाक उठतं तेव्हा काय होतं

गाडीला पुढं ढकलणारा जोर मागच्या टायरला जमिनीलगत मिळतो. गाडीचं आणि तुमचं वजन मात्र बरंच वर, टाकीच्या आसपास असतं. खालून ढकललं आणि वरचं वजन जागेवरच राहू पाहिलं, की गाडी मागं कलते आणि पुढचं चाक सुटतं. चाक थोडंसंच उठलेलं असेल तर ते तिथं टिकवायला रेस वाढवत राहावी लागते. त्यामुळं वेग वाढत जातो, इंजिन किंचाळतं, ताकद संपते आणि चाक खाली येतं. पोरं व्हिडिओ काढतात ती बहुतेक हीच व्हीली.

त्याच्या वर एक जागा असते, जिथं सगळं वजन बरोबर मागच्या टायरच्या टेकणीवर येतं. त्याला सगळे बॅलन्स पॉइंट म्हणतात. तिथं रेस नावापुरती लागते आणि वेगही वाढत नाही. त्याच्याही मागं गेलात की गाडी आपल्या वजनानंच उलटायला निघते. मग रेस सोडून भागेल याचा भरवसा नाही. हुकमी उपाय एकच, मागचा ब्रेक. मागचं चाक अडलं की गाडीचा सगळा जोर पुढं जातो आणि नाक खाली येतं. बॅलन्स पॉइंटला भिऊन भागत नाही आणि भीती गेल्याशिवाय तिथं जाता येत नाही. ती भीती घालवतो तो ब्रेकवरचा पाय.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, तेव्हा ते पेलणाऱ्याच्या पायांकडं एकदा बघा. वरचं टोक बघून सगळे हात जोडतात, पण खरी गंमत खाली आहे. काठी कधीच स्थिर नसते. ती इकडं कलली की पाऊल तिकडं, कंबर जराशी पुढं, जराशी मागं. सावरणं एक क्षणही थांबत नाही. आणि ही मंडळी यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात, थेट यात्रेच्या दिवशी कुणी काठी उचलत नाही. व्हीलीतलं सावरणं तसंच आहे, फक्त कंबरेच्या जागी रेस आणि ब्रेक.

एक गैरसमज म्हणजे व्हीलीला मोठी गाडी लागते. मे १९९१मध्ये जपानात त्सुकुबाच्या चाचणी मैदानावर यासुयुकी कुदो या माणसानं न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली केली. म्हणजे सोलापुरातून एका चाकावर निघायचं, पुणं मागं टाकायचं आणि लोणावळ्याच्या पुढं जाऊन पुढचं चाक टेकवायचं. गाडी कोणती? २१६ सीसीची होंडा. आपल्याकडं कॉलेजची पोरं चालवतात तेवढंच इंजिन. तेव्हा "अण्णा, माझी गाडी लहान आहे म्हणून येत नाही" हे मला सांगू नका.

जागा आणि कायदा

विजापूर रोड नको, होटगी रोड नको, बायपास तर नकोच. चिंचोली एमआयडीसीचे रस्ते रविवारी सामसूम असतात, पण रस्ता तो रस्ताच. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या फार रुंद आहे. लोकांना जिथं जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते, मग तो वाहता रस्ता असो वा नसो. त्यामुळं मोकळं मैदान दिसलं म्हणजे सुटलो असं नाही. अशा जागी धोकादायक गाडी चालवली तर कलम १८४ खाली पहिल्याच वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ पालकाला धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही. म्हणून अठरा पूर्ण नसलेल्या पोराला मी गाडीला हातसुद्धा लावू देत नाही, मग त्याचे वडील माझे कितीही जुने गिऱ्हाईक असोत. विम्याचंही बघून ठेवा. पॉलिसीचा कागद उघडला की शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळल्याचं त्यातच छापलेलं असतं. सरावात मोडलेलं स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचं, हे धरूनच चला.

मग जागा कुठली? कुंपणाच्या आतली, खासगी, मालकाची परवानगी असलेली. परवानगी तोंडी नको, कागदावर चार ओळी लिहून घ्या. आम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका टॉवेल कारखानदाराचं आवार रविवारी सकाळी वापरतो. दुसरी चांगली जागा म्हणजे गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाचं पार्किंग, लग्नसराई नसेल तेव्हा. मालकाला आधीच सांगा की टायरचे काळे पट्टे उठतील. आम्ही एकदा सांगितलं नव्हतं, मग दुपारभर फरशी घासत बसलो.

सरळ शंभर-दीडशे मीटर लांबी हवी आणि दोन्ही बाजूंना भिंत, खांब, झाड नको. जमीन सपाट डांबराची किंवा काँक्रीटची. काळ्या मातीवर मऊ पडता येईल असं पोरांना वाटतं, पण तिथं मागचं चाक एकदा रुततं, एकदा घसरतं, आणि पाऊस झाला असेल तर गाडी उभी करणंसुद्धा मुश्कील. मुरमावर क्लच सोडला की टायर जागेवर फिरतो आणि गाडी आडवी येते. काँक्रीटवर वाळू साचलेली असेल तर सरावाआधी खराट्यानं झाडून काढा. आमच्याकडं हे काम सगळ्यात नवीन पोराचं असतं. झाडताना त्याला जमिनीतली प्रत्येक भेग कळते, हा त्यातला खरा फायदा.

वेळ पहाटेची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळिसाच्या पुढं जातो. हवेवर थंड होणारं इंजिन पहिल्या गियरमध्ये तासभर पिळलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि क्लच घसरायला लागतो. सहाला सुरू, आठला बंद.

अंगावर काय, सोबत कोण

तोंड झाकणारं पूर्ण हेल्मेट, आयएस ४१५१चा शिक्का असलेलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट. पाठीचं गार्ड, कारण मागं पडणारा माणूस आधी ढुंगणावर आणि मग पाठीवर पडतो. गुडघे-कोपरांची गार्ड, तळहाताला जाड चामडं असलेले हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. बुटाचा तळ मात्र फार जाड नको, नाहीतर ब्रेक किती दाबला जातोय ते पायाला कळत नाही.

सोबत एक शहाणा माणूस हवा, ज्याच्या हातात फोन असेल पण तो व्हिडिओ काढत नसेल. १०८ला जागा नेमकी कशी सांगायची, गेट कुठल्या बाजूला, हे त्यानं सुरू करण्याआधी एकदा मोठ्यानं म्हणून दाखवायचं. कुणी पडून मान दुखते म्हणाला, किंवा गप्पच राहिला, तर त्याला उठवून बसवायचं नाही. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही.

गाडी

शंभर-सव्वाशे सीसीच्या नव्या गाड्या बाजूला ठेवा. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाहीतर कॉम्बी ब्रेक लागतो, आणि बहुतेकांना कॉम्बीच असतो. म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही धरलं जातं. हवेतलं चाक धरलं गेलं आणि न फिरता जमिनीवर टेकलं, तर हँडल हातात राहत नाही. रोजच्या रस्त्यावर हा ब्रेक जीव वाचवतो, आपल्या कामाला मात्र तो उपयोगाचा नाही.

दीडशे ते दोनशेची, थोडी जुनी, पडली तर जीव हळहळणार नाही अशी गाडी घ्या. मागं डिस्क असेल तर उत्तम, ड्रमपेक्षा दाब नीट मोजून देता येतो. एबीएस फक्त पुढच्या चाकाला असेल तर मागचा ब्रेक आपला आपल्या पायाच्या ताब्यात राहतो. दोन्ही चाकांना एबीएस असेल तर जपून. पुढचं चाक हवेत मंदावतं, दोन चाकांचे वेग जुळत नाहीत, त्या यंत्रणेला काय समजायचं ते समजतं आणि ऐन वेळी मागचा ब्रेक ढिला पडू शकतो. अशा गाडीवर शिकू नका. आणि तिची वायर काढून तीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची, हे तर अजिबात नको. पाऊस पडला की ती वायर आठवेल.

सरावाच्या आदल्या संध्याकाळी पाना घेऊन बसायचं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवं. नाक वर गेलं की ऑइल मागं धावतं, आणि ते कमी असेल तर पंपाची जाळी हवा ओढते, इंजिन कोरडं चालतं. चेन गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ढिलाईवर. बऱ्याच गाड्यांना बोटानं अडीच-तीन सेंटीमीटर वर-खाली होते तेवढी बरोबर असते. ताठ चेन क्लचच्या झटक्यात तुटते, आणि तुटलेली चेन पायावर येते. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला नको. पुढचा ब्रेक धरून गाडी मागंपुढं हलवा, हँडलपाशी टकटक जाणवली तर आधी तो बसवून घ्या. एक्सलेटर सोडल्यावर मूठ टाचकन मागं फिरली पाहिजे, केबल अडकत असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायचीच नाही. हवा कंपनीनं सांगितलेली. मागची हवा कमी करणं, मागं मोठं चेन स्पॉकेट टाकणं ही पुढची कामं, तुमची नाहीत.

दोन गोष्टी मुद्दाम करून घ्या. एक, मनगटाला बांधायचा दोरीचा किल स्विच. तुम्ही गाडीपासून सुटलात की दोरी निघते आणि इंजिन बंद. दुसरी, ब्रेकच्या पायडलची उंची. बूट फुटरेस्टवर सहज ठेवल्यावर अंगठ्याचा भाग पायडलला टेकला पाहिजे. पाय उचलून ब्रेक शोधावा लागत असेल तर सगळा लेख वाया गेला.

पायरी पहिली: चाक न उचलता चार दिवस

हसू नका. पहिला गियर, माणूस चालतो तेवढा वेग. रेस एकाच जागी धरायची आणि मागच्या ब्रेकनं वेग कमी-जास्त करायचा. रेस बदलायची नाही. इंजिन पुढं ओढतंय आणि पाय मागं धरतोय, ही खेचाखेच पायाला कळली पाहिजे. वीस मिनिटं, मग पाणी, मग पुन्हा वीस मिनिटं. मधूनच सोबतच्या माणसानं शिट्टी मारायची. शिट्टी ऐकली की रेस तशीच ठेवून फक्त ब्रेक. चौथ्या दिवशी शिट्टी आणि ब्रेक यांच्यात विचार करायला जागाच उरत नाही, तेव्हा पुढं जायचं. पोरं इथंच कंटाळतात. दहातले सहा इथूनच परत जातात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पायरी दुसरी: बसणं आणि मूठ

नेहमीपेक्षा चार बोटं मागं बसा. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. हात जवळजवळ सरळ, पण कोपर कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत. आता उजवी मूठ. बहुतेक जण ती वरून, गदा धरल्यासारखी धरतात. तशी धरली की अंग मागं गेल्यावर मनगट खाली दबतं आणि रेस वाढते. माझी हासळी अशीच गेली. मूठ थोडी बाहेरून, तिरकी धरा, स्क्रू-ड्रायव्हर फिरवताना हात असतो तशी. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून मागं झुका आणि मूठ फिरते का बघा. फिरत असेल तर धरणं चुकलंय.

क्लचवर एक किंवा दोन बोटं, बाकीची हँडलवर. नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर. पुढचं चाक किती उठलं हे बघायला मान खाली गेली की गाडी वाकडी झालीच समजा.

पायरी तिसरी: पहिला झटका

मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका पोराची पहिली सकाळ सांगतो. हत्तुरे वस्तीकडचा, घरी तेलुगू, बाहेर मराठी, अंगानं काटकुळा. चार दिवस त्यानं मुकाट्यानं ब्रेक गिरवला होता. गाडी पहिल्या गियरमध्ये, पंधरा-वीसचा वेग. मी म्हटलं, "क्लच पूर्ण दाबायचा नाही, इंजिनाची ओढ सुटेल तेवढाच दाबायचा. दाबताना रेस किंचित वाढव, आवाज जरा चढला की क्लच सोड. रेस तिथंच ठेव. आणि सोडल्या सोडल्या ब्रेक."

पहिल्यांदा गाडीनं नुसता गचका दिला. दुसऱ्यांदाही. तो चिडला, "अण्णा, जास्त रेस देऊ का?" मी म्हटलं, "दे, पण चमचाभर." आठव्या की नवव्या वेळेला पुढचा शॉकअप लांब झाला, टायर जमिनीपासून सुटला, मधून कागद सरकवता आला असता एवढाच, आणि लगेच ब्रेक लागून टेकला. त्याला कळलंसुद्धा नाही. मी ओरडलो, "उठलं बे!" तो गाडी थांबवून खाली वाकून टायरकडं बघत बसला, जणू तिथं काही लिहिलंय.

रीत ही एवढीच. सुरुवात मुद्दाम कमी आवाजावर करायची आणि प्रत्येक फेरीला आवाज थोडासाच चढवायचा. काट्याकडं बघू नका, कानानं मोजा. जे लोक पहिल्याच फेरीला इंजिन किंचाळवून क्लच सोडतात, त्यांना मधल्या उंच्या कधी दिसतच नाहीत. ते थेट आभाळ बघतात. कमी रेसवर गाडी नुसती गचकत असेल आणि वेग वाढत असेल, तर क्लच फार हळू सुटतोय. बोटावरून झटकन घसरू द्या.

पहिला गियर दांडगा असतो, दुसऱ्यात उचलणं मऊ जातं हे खरं. पण दीडशेच्या गाड्या दुसऱ्यात सहसा नीट उठत नाहीत आणि पोरं मग हँडल ओढायला लागतात. हँडल ओढायचं नाही. दोन्ही हात कधीच सारखे ओढत नाहीत, चाक हवेत तिरकं होतं.

पायरी चौथी: चार बोटं, वीत, हात

चार बोटं उंची पन्नास वेळा. मग वीतभर पन्नास वेळा. मग हातभर. आकडा मी अंदाजानं सांगतोय, पण घाई नको हे अंदाजानं सांगत नाही. प्रत्येक वेळी खाली येणं ब्रेकनंच, रेस सोडून नाही. रेस एकदम सोडली की नाक धाडकन आपटतं, हँडल थरथरतं आणि फोकचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, सील महिन्याभरात गळायला लागतं. क्लच दाबूनही तेच होतं.

ब्रेक टॉक लावायचा, दाबून धरायचा नाही. नाक खाली यायला लागलं की पाय हलका करा आणि चाक टेकायच्या क्षणी रेस जरा द्या, म्हणजे ते अलगद उतरतं. टेकताना हँडल सरळ हवं. हा एक क्षण नीट जमला की सोबतच्या माणसाला डोळे मिटूनही कळतं, कारण टायरचा आवाज येत नाही. त्या काटकुळ्या पोराला इथं तीन आठवडे लागले. त्याच्या आधीचा एक जण पहिल्याच रविवारी हातभर उचलत होता आणि दुसऱ्या रविवारी प्लास्टरमध्ये होता.

क्लचचा करपलेला वास आला की थांबा. दहा फेऱ्या, पाच मिनिटं विसावा, हे बरं पडतं. हात दुखायला लागला तर त्या दिवशीचा सराव संपला. थकलेली बोटं क्लच अर्धवट सोडतात आणि मग माणूस रेसवर वसुली करतो.

पायरी पाचवी: वर असतानाच ब्रेक

हातभर उंची सहज यायला लागली की चाक वर असताना, रेस चालू ठेवून, ब्रेकला हलका स्पर्श करायचा. नाक जरा खाली येतं. पाय उचलला की रेस त्याला पुन्हा वर नेते. आता पहिल्या पायरीची खेचाखेच आठवा, तीच इथं हवेत चालू आहे. हे दोन वेळा लागोपाठ जमलं त्या दिवशी पोराचा चेहरा बदलतो. तोवर तो गाडीवर बसलेला असतो, त्या दिवसापासून ती चालवायला लागतो.

पायरी सहावी: आणखी वर

इथून पुढं एकट्यानं जाऊ नका. ज्याला खरोखर येतं अशा माणसासमोरच करा, आणि मागं वेल्डिंग करून बनवलेला लोखंडी दांडा बसवल्याशिवाय नाही. गाडी फार उभी झाली की आधी तो दांडा जमिनीला घासतो आणि गाडी पुरती उलटत नाही. तो चेसिसला बोल्टनं पक्का हवा, नंबरप्लेटच्या पत्र्याला जोडलेला नाही. असा एक माझ्याकडं दुरुस्तीला आला होता, दांडा आणि मडगार्ड दोन्ही एका पिशवीत. दांडा आहे म्हणून ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो. दांडा भेगेत अडकला तर गाडी आडवी जाते.

प्रत्येक रविवारी उंची थोडीच वाढवा. बॅलन्स पॉइंट जवळ आला हे डोळ्याआधी कानाला कळतं. इंजिनाचा आवाज चढायचा थांबतो आणि हँडल हातात हलकं वाटतं. नेमकं तिथं माणूस घाबरतो. टॉक ब्रेक, खाली. पुन्हा. सोबतच्यानं बाजूला उभं राहून उंची सांगायची, तुम्हाला वाटते तिच्या निम्मीच निघते. दर वेळी.

ब्रेक चुकला आणि गाडी खरंच मागं चालली तर दोन्ही हात सोडा, पाय खाली टाका, गाडीला पुढं जाऊ द्या आणि मागं धावत उतरा. दोरीनं इंजिन बंद होईल. गाडी वाचवायला हँडल धरून ठेवलं तर तीच अंगावर येते. हे उतरणं इंजिन बंद ठेवून, दोघांनी पुढचं चाक उचलून धरलेलं असताना, दहा-वीस वेळा करून बघा. पोरं याला खेळ समजून खिदळतात. खिदळू द्या.

घरी जाण्याआधी

सावलीत गाडी लावून ऑइलची पातळी पुन्हा बघायची. चेन फिरवून एखादी कडी ताठ झालीय का, मागच्या चाकाचा एक्सल नट हलला का, पायडलचा बोल्ट घट्ट आहे का. फोकच्या नळीवर बोट फिरवा. तेलाची रेघ बोटाला लागली तर सील गेलंय, ते बदलेपर्यंत पुढचा रविवार बंद. क्लचची ढिलाई लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ठेवा, सरावानंतर ती बदललेली असते. मागच्या ब्रेकचे पॅड तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेगानं झिजतात. त्या काटकुळ्या पोराचे पॅड दोन महिन्यांत संपले, बदलायला आला तेव्हा जुने पॅड त्यानं कागदात गुंडाळून घरी नेले. आईला दाखवायचे म्हणाला.